तांबूचे आजारपण

दिवाळी अंकासाठी कुत्र्याच्या दुखण्याविषयी लिहितो आहे हे ऐकून आमच्या कॉलेजातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "विनोदी लेख का?" मी नाही म्हणालो. "मग रूपककथा असेल," ते म्हणाले. मराठीच्या प्राध्यापकाने कुत्र्यावर लिहायचे म्हणजे एक तर विनोद, नाही तर रूपक, असा आमच्याकडे समज आहे. हा लेख दोन्हींपैकी काहीच नाही. एका गावठी कुत्र्याला कॅन्सर झाला, त्याच्यावर अकरा महिने उपचार केले, आणि त्या अकरा महिन्यांत आमच्या तीन खोल्यांच्या घरात काय काय घडले, एवढेच सांगायचे आहे. ज्यांना कुत्र्यामांजरांचे वावडे आहे त्यांनी खुशाल पान उलटावे. पुढे एखादी चांगली कथा असेल.

तांबू आमच्याकडे आला तो २०१६ सालच्या पावसाळ्यात. आमचे घर दादरला, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना लाकडी, आणि त्या जिन्याच्या तळाशी विजेच्या मीटरांच्या फळीखाली हे पिल्लू भिजून थरथरत बसले होते. मुलगी तेव्हा पहिलीत होती. 'एकच रात्र' या करारावर ते वर आले. आईने आणखी एक अट घातली : देव स्वयंपाकघरात आहेत, तेव्हा स्वयंपाकघराचा उंबरा त्याने ओलांडता कामा नये. पहिला करार दुसऱ्याच दिवशी मोडला. आईची अट मात्र तांबूने शेवटपर्यंत पाळली. ती पूजेला बसली की हा उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसे आणि खडीसाखरेचा खडा मिळाल्याशिवाय उठत नसे. रंग विटेसारखा, एक कान उभा, एक पडलेला. अंगी विशेष गुण असा कोणताच नव्हता. चोर आला असता तर तांबूने त्याला गॅलरीपर्यंत सोबत केली असती.

२०२३ च्या सप्टेंबरात, गौरी जेवल्या त्या दिवशी, मुलगी त्याच्या अंगावरून हात फिरवत बसली होती. ती एकदम म्हणाली, "बाबा, तांबूच्या गळ्यात गोट्या आल्यात." मी हात लावून पाहिला. जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी होत्या. टणक, आणि दाबल्या तरी त्याला दुखत नव्हते. दुखत नाही म्हणून मला बरे वाटले. ते चुकीचे होते हे पुढे कळले.

जवळच्या डॉक्टरांना गोचीड-तापाची शंका आली. आपल्याकडे ती शंका वावगी नव्हे. गोचिडीच्या चाव्याने येणारा हा ताप आपल्या कुत्र्यांत फार आढळतो, आणि त्यातही गाठी सुजतात. दहा दिवस गोळ्या झाल्या. गाठी उतरल्या नाहीत, उलट खांद्याच्या पुढे आणि मागच्या पायांच्या गुडघ्यांमागे नव्या हाताला लागू लागल्या. मग आम्ही परळच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाचही ठिकाणी बोटे लावून पाहिली, एका गाठीत बारीक सुई घालून थेंबभर द्रव काढला, काचेवर पसरला, आणि चार दिवसांनी या म्हणून सांगितले. तांबूने त्या सुईकडे लक्षसुद्धा दिले नाही. तो टेबलावरच्या वजनकाट्याला भ्याला होता.

चार दिवसांनी निदान हाती आले : लिम्फोमा. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी एका जातीच्या पेशींचा हा कॅन्सर. माणसांना होतो त्याच्याच कुळातला, आणि कुत्र्यांत जे कॅन्सर नेहमी आढळतात त्यांपैकी एक. डॉक्टर तरुण होत्या, पण बोलण्यात आडपडदा नव्हता. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. काहीच केले नाही तर महिना-दीड महिना. नुसत्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर भूक लागेल, गाठी उतरतील, पण एक-दोन महिन्यांत पुन्हा तेच. आणि तिसरी वाट केमोथेरपीची, सुमारे एकोणीस आठवड्यांची. तिने दहातल्या आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी पूर्ण उतरतात. पण उतरल्या म्हणजे गेल्या नव्हेत. निम्मे कुत्रे वर्षभर काढतात, काही त्याहून अधिक, आणि कायमचा बरा होणारा क्वचित. "बी पेशींचा असला तर अधिक साथ देतो, टी पेशींचा असला तर कमी," त्या म्हणाल्या. पुढच्या तपासणीत तांबूचा बी पेशींचा निघाला. एखादा विद्यार्थी सेकंड क्लासात आल्यावर घरी जसा आनंद व्हावा तसा तो आम्हांला झाला.

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली, ती ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी लक्षात ठेवावी. असल्या गाठी आल्या तर निदान होण्यापूर्वी स्टेरॉइड देऊ नये. गाठी उतरलेल्या दिसतात, पण निदान झाकले जाते, आणि पेशी औषधांना दाद देईनाशा होतात.

केमोथेरपी हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. त्याला कारण होते. माझे वडील १९९८ साली अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात त्या आजाराचे नाव कोणी घेत नसे. वडिलांना 'अल्सर' म्हणून सांगितले होते. फाइल कपाटात साड्यांच्या खाली असे. येणारेजाणारे नातेवाईक दारातच खुणेने विचारत आणि आत येऊन अल्सरवरची घरगुती औषधे सांगत. वडील कोकमाचे सरबत आणि ताक यांविषयी ती सगळी चर्चा निमूट ऐकत. तेव्हा बहुतेक घरांत अशीच रीत होती, म्हणून मी कोणाला दोष देत नाही. पण तेव्हापासून पंचवीस वर्षे आमच्या आईच्या तोंडून कॅन्सर हा शब्द मी ऐकला नव्हता. शेजारीपाजारी कोणाला झाला तर ती 'ते' म्हणे. "त्यांना म्हणे 'ते' झालंय."

दुःखाची गोष्ट अशी, की पंचवीस वर्षांनी मीही तेच केले. मुलगी आठवीत, सहामाही परीक्षा तोंडावर. मी तिला सांगितले, "गाठी आहेत, औषधाने जातील." ती काही बोलली नाही. रात्री पाहतो तो तिने अहवालाचा कागद माझ्या बॅगेतून काढून वाचला होता आणि व्यवस्थित घडी घालून परत ठेवला होता. घडी माझ्यापेक्षा चांगली होती म्हणूनच मला कळले. विचारले तेव्हा म्हणाली, "बाबा, मला वाचता येतं." मराठीच्या प्राध्यापकाला यावर काय उत्तर असणार!

आता प्रश्न पैशांचा. दर खेपेला रक्ततपासणी, औषध आणि फी मिळून चार-पाच हजार. एकूण हिशेब लाखाच्या घरात जात होता. घराला रंग देण्यासाठी तेवढेच पैसे बाजूला ठेवलेले होते. पत्नी म्हणाली, "अहो, भिंती काही मरत नाहीत." तिचा कौल असा दोन शब्दांत पडला. तळमजल्यावरचे काका मात्र जिन्यात गाठून म्हणाले, "एवढ्या पैशांत एखाद्या गरिबाचं ऑपरेशन होईल हो. तुम्ही अगदी धर्मराजच झालात की!" टोमणा होता, आणि तो लागला. धर्मराजाचा कुत्रा सर्वांना ठाऊक असतो. पण महाभारताच्या आरंभीच, जनमेजयाच्या यज्ञात, सरमेच्या पिलाला काही अपराध नसताना मार बसतो आणि ती शाप देते, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले चकित होतात. काकांना मी ते सांगितले नाही. त्यांच्या प्रश्नाला सरमा हे उत्तर नव्हते, आणि दुसरे मला सुचत नव्हते.

तो प्रश्न पुढे दर शनिवारी माझ्यासमोर येऊन उभा राहू लागला. परळात पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचे. माणसांच्या कॅन्सरचे टाटा रुग्णालय आले १९४१ साली. दोन्ही इतकी जवळ, की आमची टॅक्सी त्या फुटपाथवरून जाई जिथे देशभरातून आलेले रुग्ण आणि त्यांची माणसे पथाऱ्या टाकून असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल, उशाशी स्टोव्ह, दोरीवर वाळणारे लुगडे. १९९८ साली आम्ही दादरचे म्हणून रात्री घरी जाऊ शकत होतो, एवढाच आमच्यात आणि त्यांच्यात फरक. आणि आता मी कुत्र्याला मांडीवर घेऊन तिथून जात होतो. (टॅक्सीवालेही सहजी मिळत नसत. पाच जण नाही म्हणत, सहावा 'खाली चादर टाका' म्हणून घेई.)

एकदा रहदारी तुंबली आणि तांबू कासावीस झाला म्हणून मी त्याला घेऊन उतरलो. फुटपाथवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, जालन्याकडचे. त्यांनी विचारले, "काय झालं मुक्या जिवाला?"

"गाठी आहेत," मी म्हणालो. तिथेसुद्धा शब्द तोंडातून बाहेर पडेना.

"म्हंजी आमच्या हिच्यावानीच की," ते म्हणाले. त्यांची बायको शेजारीच पांघरूण घेऊन पडली होती. मला वाटले, आता ते काही बोलतील आणि ते मला ऐकून घ्यावे लागेल. त्यांनी बिस्किटाचा पुडा काढला आणि विचारले, "एक देऊ का? त्याला चालतं ना खायला?" तांबूने दोन बिस्किटे खाल्ली. बाईंनी पांघरुणातून हात काढून त्याच्या पडलेल्या कानाला लावला. पुढच्या शनिवारी ती दोघे तिथे नव्हती. आमच्या काकांना ही हकीकत मी सांगितली. ते 'हं' म्हणाले. मलाही त्यातून काही सिद्ध करायचे नव्हते.

उपचाराची रीत अशी : पहिल्या आठवड्यात एक औषध, दुसऱ्यात दुसरे, तिसऱ्यात पुन्हा पहिले, चौथ्यात तिसरे, पाचव्यात विश्रांती, अशी चार आवर्तने. शिवाय पहिले चार आठवडे स्टेरॉइडच्या उतरत्या मात्रेच्या गोळ्या. प्रत्येक खेपेला आधी रक्त तपासायचे. पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील तर आठवडाभर थांबायचे. माणसांच्या केमोथेरपीची आठवण ज्यांच्या मनात आहे त्यांना सांगतो, कुत्र्यांना त्या मानाने बेताच्या मात्रेत औषध देतात. कारण उद्देशच वेगळा. "आपल्याला त्याचं आयुष्य वाढवायचं आहे, पण ते त्याला जगावंसं वाटेल असं," डॉक्टर म्हणाल्या. बहुतेक कुत्र्यांचे केसही झडत नाहीत. तांबूच्या मिशा तेवढ्या गेल्या, आणि तो काही दिवस कारकुनी पेशातून निवृत्त झालेल्या गृहस्थासारखा दिसत होता.

पहिल्या औषधाचे नाव व्हिन्क्रिस्टीन. ते सदाफुलीपासून मिळते हे मला ठाऊक नव्हते. आमच्या गॅलरीत डालड्याच्या जुन्या डब्यात आईने सदाफुली लावलेली आहे. रोज पाच फुले देवाला जातात. हे झाड मूळचे मादागास्करचे. १९५० च्या दशकात कॅनडातील संशोधकांनी मधुमेहावर उपयोग होतो का ते पाहण्यासाठी त्याच्या पानांचा अर्क उंदरांना दिला. साखरेवर काही परिणाम झाला नाही, पण पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरल्या. त्या धाग्यावरून आधी एक औषध मिळाले, मग हे. १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मी हे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग एवढे पैसे कशाला घालवतोस? झाड घरात आहे." मला समजावून सांगावे लागले, की शेकडो किलो वाळल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघते, आणि पाने नुसती खाल्ली तर विषच. औषधही कमी जहाल नाही. ते शिरेतच जावे लागते. थेंबभर बाहेर झिरपला तरी तिथले मांस जळते. म्हणून तांबूचा पाय धरून मी श्वास रोखून उभा असे, आणि तो माझ्या बाहीवर लाळ गाळी.

दुसरे औषध गोळ्यांचे. त्याचा वंश पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड वायूपर्यंत पोचतो. ती गोळी मूत्राशयाला भाजते, म्हणून भरपूर पाणी पाजायचे आणि वरचेवर खाली न्यायचे. तिसरे औषध लालभडक. इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जंतूपासून त्याचा शोध लागला. ते सावकाश सलाइनमधून द्यायचे, आणि हृदयाला त्रास होतो म्हणून मोजून चारच वेळा. एका गावठी कुत्र्याच्या शिरेत मादागास्करचे फूल, युद्धातले विष आणि इटलीची माती एकत्र येतात, हे मला त्या दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या फार नवलाचे वाटे.

खरा ताप होता तो जिन्याचा. स्टेरॉइडने भूक आणि तहान दोन्ही राक्षसी वाढतात. तांबू रात्री दोनदा उठवी. औषधाचे अंश दोन-तीन दिवस मूत्रातून आणि विष्ठेतून जातात, म्हणून हातमोजे घालून सगळे साफ करायचे; गरोदर बाईने तर लांबच राहायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंना तेव्हा सातवा महिना होता. जिन्यात थेंब पडता कामा नये म्हणून मी सतरा किलोचे ते धूड उचलून तीन मजले उतरत असे आणि चढत असे. सकाळी नऊला वर्गात रसविचार शिकवताना माझी कंबर वेगळेच काही शिकत असे. पण एक सांगायला हवे. पहिल्या इंजेक्शननंतर आठ दिवसांतच गाठी हाताला लागेनाशा झाल्या. मुलगी रोज शाळेतून आली की आधी त्याचा गळा चाचपी आणि मग दप्तर काढी.

लाल औषध पहिल्यांदा दिले ते ४ नोव्हेंबरला. त्यानंतर आठवड्याभराने पेशी तळाला जातात असे सांगितलेले होते, पण कॅलेंडर कोणी पाहिले नव्हते. १२ नोव्हेंबर, नरकचतुर्दशी. पहाटे घरात उटण्याचा वास, आणि तांबू उठेना. कुत्र्याचे अंग आपल्याहून मुळातच गरम असते, एकशे एक-दोनपर्यंत. थर्मामीटरने एकशे चारच्या वर दाखवले. डॉक्टर सणाच्या दिवशी दवाखाना उघडून बसल्या. दिवसभर सलाइन, शिरेतून प्रतिजैविके. आमचा फराळ डब्यांतच राहिला. संध्याकाळी ताप उतरला, तेव्हा त्यांनी घरी न्यायला परवानगी दिली, आणि रात्री पुन्हा चढला तर लगेच फोन करायला सांगितले.

घरी आलो तो फटाक्यांचा कहर. तांबू फटाक्यांना जन्माचा भित्रा. दर दिवाळीला तो न्हाणीघरात बादलीमागे जाऊन बसे. तसाच लटपटत तिथे गेला. पत्नी आणि मुलगी दमून झोपल्या. मी औषधाच्या वेळेसाठी अकराचा गजर लावून पडलो होतो. गजराआधीच जाग आली, कारण न्हाणीघराकडून बोलण्याचा आवाज येत होता.

आई दाराशी पाट टाकून बसली होती. तिचे गुडघे गेलेले; खाली बसली की उठायला दोन माणसे लागतात. हात आत घालून ती त्याच्या डोक्यावर थोपटत होती, आणि फटाका वाजला की थांबत होती.

"हे बघ तांबू," ती म्हणत होती, "तुला कॅन्सर झालाय. अल्सर नाही, काही नाही, कॅन्सर. तुला सांगितलेलं बरं. ही मंडळी तुला सुया टोचतात ती उगाच नाही टोचत. त्यांच्यावर रागावू नकोस."

एक माळ वाजून संपली. मग ती पुन्हा बोलू लागली, पण आता ते बोलणे तांबूशी होते की नाही मला सांगता येणार नाही. "ह्यांना आम्ही नाही सांगितलं. त्यांना ठाऊक होतं रे. एकदा रात्री सगळे झोपल्यावर मला म्हणाले, अगं, आता तू तरी नाटक करू नकोस. तरी मी म्हटलं, कसलं नाटक, अल्सरच आहे. कूस बदलून झोपले. मग काही विचारलं नाही त्यांनी. पुढं तीन आठवडे होते. एक शब्द नाही विचारला."

मी दाराआड उभा होतो. अकराचा गजर आत वाजू लागला, तेव्हा तो बंद करायला धावावे लागले. परत आलो तो आई म्हणाली, "आलास का? उठव मला. आणि त्याला तिथंच राहू दे, थंड लागतंय त्याला." मी औषध दिले. तिला उठवले. तिने मी ऐकले का ते विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पण फराळाचे ताट दुसऱ्या दिवशी शेजारी पोचवायला गेली तेव्हा दारातून तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "आमच्या तांबूला कॅन्सर आहे हो, म्हणून यंदा अनारसे नाहीत केले."

मात्रा थोडी कमी करून पुढची आवर्तने पार पडली. एक आठवडा चुकल्यामुळे शेवटचे इंजेक्शन मार्चच्या सुरुवातीला झाले. २०२४ चा उन्हाळा तांबूने राजासारखा काढला. मिशा पुन्हा आल्या. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती तो चकरा मारी, चौपाटीवर जाऊन कुजक्या माशात लोळून येई, आणि आम्ही त्याला रागावण्याच्या ऐवजी कौतुकाने धूत असू. दर महिन्याला डॉक्टर गाठी चाचपत. त्या चार-पाच महिन्यांविषयी मला जास्त लिहिता येत नाही. काही घडलेच नाही. तेवढ्यासाठीच लाखभर रुपये दिले होते, असे म्हणता येईल.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलगी शाळेतून आली, तिने गळा चाचपला, आणि दप्तर न काढताच उभी राहिली.

दुसऱ्या खेपेसाठीही औषधे असतात. पण ती कमी कुत्र्यांना लागू पडतात आणि लागू पडली तरी थोडे दिवस. या वेळी आम्ही चौघे जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि सगळे आकडे मुलीसमोर मांडले. ती म्हणाली, "त्याला वजनकाट्याची भीती वाटते. आता नको." नुसत्या गोळ्या सुरू केल्या. गणपती त्याने पाहिले. अनंत चतुर्दशीनंतर खाणे सुटले, गळ्यातल्या गाठींनी श्वास अडू लागला. तो मान वर करून बसल्या बसल्या झोपायचा. २१ सप्टेंबरला डॉक्टर घरी आल्या. आधी झोपेचे इंजेक्शन देतात, मग दुसरे. कुत्र्याला पहिल्याचीच काय ती जाणीव होते. मी त्यांना दोनदा विचारले, की आपण घाई तर करत नाही ना. त्या म्हणाल्या, "एक दिवस उशीर होण्यापेक्षा एक दिवस आधी बरं." आजही मी त्या वाक्याचा विचार करतो, कधी पटते, कधी नाही. त्या दिवशी तो पहिल्यांदाच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत होता. आईनेच त्याची चादर देवांसमोर ओढून घेतली होती.

पितृपंधरवडा चालू होता. वडिलांची तिथी पुढच्या आठवड्यात आली. दर वर्षी गाईचा आणि कावळ्याचा घास काढला की कुत्र्याचे पान आई उंबऱ्याबाहेर ठेवी, आणि तांबू ते दोन मिनिटांत चाटून पुसून मोकळा होई. यंदा पान वाढून झाले आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "खाली जा बाळ, कोणी असेल बघ."

मी पान घेऊन तीन जिने उतरलो. पानवाल्याच्या गादीपाशी एक काळी कुत्री बसली होती, ओळखीची नव्हती. तिने हुंगले, वडा खाल्ला, खीर चाटली, भाताला तोंड लावले नाही. मी वर आल्यावर आईने विचारले, "काय खाल्लं?" मी सांगितले. "भात तोही ठेवायचा," ती म्हणाली, आणि आम्ही जेवायला बसलो.